न दिसलेली शेपटी

घरातून दोघे एकदमच निघत. पण कोपऱ्यावर किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी आली की भाचा तिथे थांबे आणि आत्या पुढे जाई. पाच मिनिटं मोजून थांबायचं, मग निघायचं. कारण भाचा संस्थेत साहेब होता आणि आत्या त्याच्या हाताखाली. दोघे जोडीने फाटकातून आत शिरले तर लोक म्हणायला मोकळे, की बघा, घरचाच कारभार आहे. नियम आत्याने घातला होता. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून भाच्याने आठ वर्षांत तीन किल्ल्या करून घेतल्या. त्यांची कुलुपं कुठली, हे किल्लीवाल्याने कधी विचारलं नाही.

दुसरा नियम असा, की फाटकाच्या आत तो ‘सर’ आणि ‘तुम्ही’, फाटकाच्या बाहेर तो गुंड्या. आत्या संस्थेत लागली तेव्हा गुंड्या सात वर्षांचा होता आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे ‘सर’ म्हणताना तिला सुरुवातीला जड गेलं. पण ती म्हणत राहिली. गुंड्याने मात्र पहिल्याच दिवशी माती खाल्ली. पॅसेजच्या त्या टोकाला ती दिसली आणि नव्या साहेबांनी सगळ्यांदेखत ‘आत्याऽऽ’ अशी हाक ठोकली. झालं. तेव्हापासून ती अख्ख्या संस्थेची आत्या. फाटकावरचा रखवालदार तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तोही आत्याच म्हणे.

आत्याचं काम क्रिस्टल वाढवण्याचं. मीठसाखरेचे नव्हेत, प्रोटीनचे. प्रोटीन म्हणजे शरीरातली राबणारी यंत्रं. ती इतकी बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नाहीत. मग कोट्यवधी एकसारखी यंत्रं शिस्तीत रांगेने बसवायची, म्हणजे त्यांचा क्रिस्टल होतो. त्यातून क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडे जे ठिपके उमटतील त्यावरून यंत्राचं चित्र काढायचं. चित्र काढणाऱ्यांचं नाव होतं. रांगेत बसवणाऱ्यांना कुत्रंही विचारत नाही. आणि प्रोटीन म्हणजे काही शाळेतली पोरं नव्हेत, बस म्हटलं की बसायला. महिनोन्महिने थेंब लावा, वाट बघा, आणि शेवटी हाती काय, तर गाळ.

आत्याच्या हाती मात्र क्रिस्टल यायचे. त्याचं कारण होतं मांजराची मिशी.

तिच्याकडे पूर्वी एक मांजर होतं, बाईसाहेब नावाचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. त्याची गळून पडलेली एक मिशी आत्याने जपून ठेवली होती, एका काडीच्या टोकाला मेणाने बसवून. आधीच्या खेपेच्या क्रिस्टलवर ती मिशी हळूच घासायची आणि नव्या थेंबातून एक रेघ ओढायची. मिशीला लागलेला चुरा, जो कोणालाच दिसत नाही, तो थेंबात राहतो आणि त्या रेघेवर नवे क्रिस्टल धरतात. थोडक्यात, विरजण. कालच्या दह्याचा ठिपका आजच्या दुधाला. अकरा वर्षं आत्याचं ते विरजण मोडलं नव्हतं. दुसऱ्या खोल्यांतले लोक मिशी मागायला येत, ती देत नसे. फारच कोणी गळ घातली तर कुपीत चिमूटभर चुरा घालून द्यायची, तोही उपकार केल्यासारखा. चार परगावच्या प्रयोगशाळांना तिने टपालानेही चुरा पाठवला होता. पाठीमागे लोक तिला ‘मिशीवाली आत्या’ म्हणत. हे तिला माहीत होतं, आवडतही होतं, आणि आवडतं हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

आता गुंड्याचं सांगायला हवं. गुंड्याचा सगळा संसार एका रिसेप्टरवर उभा होता. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीत रुतून बसलेलं यंत्र, डोकं बाहेर आणि धड आत. बाहेरून निरोप आला की असे दोन रिसेप्टर एकमेकांशेजारी येतात. आतल्या धडाला दोन जबडे असतात आणि मधे तोंड. एकटं असताना ते काही करत नाही. शेजारी जोडीदार आला की हा त्याला एक शिक्का मारतो, तो ह्याला मारतो, आणि दोघेही चालू होतात. मग पेशीत हुकूम सुटतो, की वाढा. हुकूम वेळेवर सुटला तर जखम भरते. निरोप नसतानाच सुटत राहिला तर अंगावर गाठी येतात. म्हणजे हे यंत्र चालू कसं होतं यापेक्षा एरवी गप्प कसं बसतं, हा खरा प्रश्न.

सहा वर्षांपूर्वी गुंड्याने त्याचं चित्र छापलं. जबडे उघडे, तोंड मोकळं. प्रोटीन म्हणजे मुळात मण्यांची माळच. धडाच्या शेवटी तीसएक मण्यांची एक शेपटी असते, ती चित्रात नव्हती. फोटो काढताना कोणी हात हलवला तर हाताचा नुसता फराटा येतो, तसंच हे. हलणारी गोष्ट क्ष-किरणांत उमटत नाही, आणि जे उमटलं नाही ते काढायचं नाही, हा या धंद्यातला प्रामाणिकपणा. गुंड्याने शेपटी काढली नाही. इथपर्यंत ठीक. पण लेखाच्या शेवटी तो लिहून गेला, की ‘रिसेप्टरच्या नियंत्रणात शेपटीचं काही काम नाही’. उचलली जीभ, लावली टाळ्याला. काचेच्या नळीत शिक्के मारायचा वेग मोजला तेव्हाही शेपटी असो वा नसो, सारखाच आला होता, त्यामुळे त्याला शंका घ्यायचं कारण वाटलं नाही.

लेख छापून आला आणि इस्पितळांची पत्रं येऊ लागली. आमच्या रोग्याच्या शेपटीतला एक मणी बदललेला आहे, काळजीचं आहे का? उत्तर आत्या टाइप करायची. शेपटीला काम नाही, सबब या बदलाने काही होत नाही, कारण दुसरीकडे शोधावं. चारदा असं पत्र आलं, चारदा हेच उत्तर गेलं. खाली भाच्याची सही, डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आत्याची आद्याक्षरं.

पाचवं पत्र एका डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यांच्याकडे नऊ वर्षांची मुलगी होती. हातावर, मानेवर निळसर गाठी, आणि त्यातली एक गाठ आता श्वासनळी दाबत होती. ‘हा रिसेप्टर बंद करणारी गोळी आहे,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘पण रिसेप्टर उगाच चालू राहिलाय असं कोणी पुराव्यानिशी सांगितल्याशिवाय आमची समिती ती लहान मुलांना देत नाही. समिती तीन महिन्यांनी बसेल. तुमचा लेख मी वाचला. एक विचारते, रागावू नका. शेपटी काही करत नाही, की काही करताना तुम्हाला दिसली नाही?’

आत्याने नेहमीचं उत्तर अर्धं टाइप केलंसुद्धा होतं.

"आत्या, थांबा," भाचा म्हणाला. "या वेळी नको."

"का? त्याच शेपटीचं आहे."

"प्रश्न निराळा आहे," तो म्हणाला आणि पत्र घेऊन आपल्या खोलीत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. डबा तसाच घरी परत गेला आणि वहिनीने, म्हणजे गुंड्याच्या आईने, भाजी खारट झाली होती का म्हणून दोघांनाही फैलावर घेतलं.

पुढच्याच आठवड्यात आत्या रजेवर गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एक डोळा, मग दुसरा, असे पाच आठवडे. जाताना तिने मिशी ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तिसऱ्या दिवशी फोन.

"आत्या, ड्रॉवरची किल्ली कुठे आहे?"

"माझ्यापाशी. का रे?"

"क्रिस्टल लावायचेत. शेपटीसकट. ताजं प्रोटीन केलंय."

"तू लावणार?" गुंड्याने पिपेट हातात धरून सहा वर्षं झाली होती. तो लेख छापून आल्यापासून त्याच्या हाताला फक्त पेन आणि माइक माहीत. "मी आल्यावर लावीन. मिशीला हात लावायचा नाही."

"समिती थांबायची नाही, आत्या."

"मग बिनमिशीचे लाव. यायचं काही नाही, पण तुझा हात तरी मोकळा होईल."

वहिनी औषधाची बाटली घेऊन ताटकळत होती. "वन्सं, डोळा उघडा आणि तोंड मिटा," ती म्हणाली. "तुमचं सगळं उलटं चाललंय."

पाच आठवड्यांनी आत्या कामावर आली. नवे डोळे, जुना स्वभाव. आत पाऊल टाकल्याबरोबर तिला कपाटाच्या डोक्यावर थेंबांचा एक ट्रे दिसला, धुळीच्या फाइलींशेजारी.

"हा इथे कोणी ठेवला?"

"मी," भाचा म्हणाला.

"थंड खोली कशाला बांधलीय मग? भाजी ठेवायला?"

"तिथे जागा नव्हती."

"नाचता येईना, अंगण वाकडं. टाकते मी हा."

टाकायच्या आधी तिने तो सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हात आपोआप गेला म्हणा ना. पहिल्या ओळीत गाळ, दुसऱ्या ओळीत गाळ. तिसऱ्या ओळीतल्या एका थेंबात चार ठोकळे बसले होते. जाड, ठेंगणे, कोपरे झडलेले. आत्याचे क्रिस्टल म्हणजे लांबसडक सुया, बघत राहावं असे. हे तिचे नव्हेतच. मीठ असणार, तिने मनात म्हटलं. साहेबाने थेंब उघडा ठेवला, पाणी उडालं, मीठ उरलं. खात्री करायला तिने बारीक सुईने एक ठोकळा दाबला. मीठ असतं तर कट्‌ आवाज करून फुटलं असतं. हा ओल्या साबणासारखा मऊ पडला आणि चुरला.

प्रोटीन होतं. मिशीशिवाय आलेलं, साहेबाच्या हातचं, कपाटावर.

"सर," ती म्हणाली, "जरा इकडे या."

उरलेले तीन ठोकळे गोठवून, डब्यात घालून, क्ष-किरणांचं मोठं यंत्र जिथे आहे त्या गावी पाठवले. आठ दिवसांनी मोजमाप संगणकावर आलं आणि भाच्याने चित्र उभं केलं. जिथे प्रोटीन असतं तिथे पडद्यावर निळी जाळी दिसते. ऑपरेशनपासून आत्याला निळा रंग भलताच निळा दिसत होता. वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या बादलीलाही तिने परवा दाद दिली होती. त्या निळ्यात तिला दिसलं, की दोन्ही जबडे मिटलेले आहेत. आणि मधल्या तोंडात काहीतरी आहे.

भाच्याने मणी मोजत मोजत जाळीतून बोट फिरवलं. धडाच्या टोकापासून निघाला, खालच्या जबड्याला वळसा घातला, वर चढला आणि थेट तोंडात पोचला. शेपटी होती. स्वतःचीच शेपटी स्वतःच्या तोंडात बोळ्यासारखी कोंबून रिसेप्टर गप्प बसला होता. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला मणी बरोबर त्या बोळ्यात होता, जबड्याला घट्ट धरून. तो बदलला की पकड सुटणार, हे सांगायला कोणी विद्वान नको होता.

भाच्याने मणी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"कपाटावर गरम होतं," भाचा शेवटी म्हणाला. "तापमानाचा परिणाम असणार."

"हं," आत्या म्हणाली.

तिला तिथल्या तिथे कळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, जुन्या साहेबांच्या काळात, पहिले क्रिस्टल शेपटी छाटलेल्या प्रोटीनचे आले होते. छाटलेलं लवकर रांगेत बसतं, म्हणून या धंद्यात लोंबणारं काही दिसलं की आधी छाटतात. शेपटी नाही म्हटल्यावर तोंड उघडं. त्याच क्रिस्टलचा चुरा तिने मिशीला लावला. पुढे शेपटीसकट प्रोटीन आलं तेव्हाही तीच मिशी त्यातून फिरली आणि प्रत्येक थेंबाला सांगत गेली, की तोंड उघडून बसणाऱ्यालाच इथे जागा आहे. कोट्यवधींतले जे थोडे त्या क्षणी शेपटी काढून बसले होते ते रांगेत आले. बाकीचे थेंबात राहिले आणि आत्याने ते दर खेपेला स्वच्छ धुऊन मोरीत ओतले. शेपटी कधी दिसली नाही, कारण ती जिथे असते ते रिसेप्टर तिने कधी ठेवलेच नाहीत.

पण मनातलं ते मनातलं. आत्या एकतीस वर्षं मोजमापावर जगली होती. तिने नवा ट्रे लावला. अर्धे थेंब मिशीचे, अर्धे बिनमिशीचे. तसाच दुसरा ट्रे लावून एक थंड खोलीत ठेवला, एक कपाटावर. नऊ दिवसांनी बघितलं. मिशीच्या रेघेवर दोन्हीकडे तिच्या त्या देखण्या सुया आल्या होत्या. बिनमिशीच्या थेंबांत दोन्हीकडे बारके ठोकळे धरायला लागले होते. तापमानाचा काडीचा संबंध नव्हता.

तिने दोन्ही ट्रे कपाटात ठेवले आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तिला लाज वाटली. लाज कमी आणि भीती जास्त, हेही खरं. चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या दिवशी मिशी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावायची असं ठरलं होतं, सुताराने माप घेऊनही नेलं होतं. एकतीस वर्षं राबून एका बाईच्या नावावर काय जमा झालं, तर एक मिशी. आणि आता तीच उठून सांगणार, की हीच ती चोरटी. दोन दिवस ती घरी वहिनीशी विनाकारण भांडली. वहिनीने ते डोळ्याच्या थेंबांवर ढकललं आणि थेंब बदलून आणले.

इकडे भाच्याने नळीतला प्रयोग पुन्हा केला होता. सहा वर्षांपूर्वी नळीत प्रोटीन इतकं दाट घातलं होतं, की सगळे रिसेप्टर एकमेकांना खेटून शिक्के मारत सुटले होते. एवढ्या गर्दीत कोणाची शेपटी कुठे आहे, याला कोण विचारतो. या वेळी त्याने पातळ घेतलं. शेपटीवाला दोन तास ढिम्म हलला नाही. शेपटी छाटलेला लगेच चालू झाला. आणि त्या मुलीसारखा मणी बदललेला, तोही लगेच.

डॉक्टरीणबाईंच्या पत्राचा मसुदा घेऊन तो आत्याच्या टेबलापाशी आला. मसुदा चांगला होता. शेपटीचं काम स्पष्ट लिहिलं होतं, मुलीचा बदल रिसेप्टरला चालू ठेवतो हेही लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, ‘आमच्या पूर्वीच्या क्रिस्टलमध्ये तापमानाच्या फरकामुळे शेपटी दिसली नव्हती.’

"हे टाइप करून द्या, आत्या."

आत्याने ती ओळ वाचली. मग उठून कपाटातून दोन्ही ट्रे आणून त्याच्यापुढे ठेवले.

"सर, तापमान नाही."

"मग?"

"मिशी."

तिने सगळं सांगितलं. तो सूक्ष्मदर्शकात बघत बघत ऐकत होता, एक ट्रे, मग दुसरा. ऐकून झाल्यावरही त्याने मान वर केली नाही.

"हे लिहायची गरज नाही," तो म्हणाला. "मुलीला गोळी मिळण्याशी मतलब. ते निम्म्या पानात भागतंय. तुमचे चार महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत काय आहे ते मला ठाऊक आहे. चार ठिकाणी मी चुरा पाठवलाय. ते लोक तुमचा नवा लेख वाचतील, माझं विरजण लावतील, त्यांना शेपटी दिसायची नाही. मग तेच छापतील, की साहेबांचं पहिलं खरं आणि दुसरं खोटं. समिती कोणाचं ऐकेल?"

भाच्याने मसुदा पुन्हा उचलून ती शेवटची ओळ वाचली.

"आणि त्या चार पत्रांचं काय?" आत्या म्हणाली.

"कुठली चार?"

तिने फाइल आणली. चार पत्रं, चार उत्तरं. शेपटीला काम नाही, सबब कारण दुसरीकडे शोधावं. पहिलं सहा वर्षांपूर्वीचं, शेवटचं तीन वर्षांपूर्वीचं. भाच्याची सही पहिल्यापेक्षा चौथ्यावर जास्त ऐटदार झाली होती.

"आता?" तो म्हणाला. "बैल गेला आणि झोपा केला, असं होईल ते. इतक्या वर्षांनी लिहून काय…"

"गुंड्या."

फाटकाच्या आत तिने हे नाव आठ वर्षांत पहिल्यांदा घेतलं होतं. त्याने दचकून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"गुंड्या, बैल गेला की आहे, हे तुला माहीत आहे का? मला नाही माहीत. विचारायला नको?"

तो खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसला. शाळेतला अभ्यास घेऊन बसायचा तसाच, कोपर टेबलावर आणि कपाळ तळहातावर.

"तुझं नाव नको घालू," तो म्हणाला. "मिशी म्हणू नको, ‘बीजामुळे’ एवढं लिही. कोणाचं बीज, कोण विचारतंय?"

"मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, मिशी माझी म्हणून. आज संस्थेची झाली होय?"

मग दोघांनी मिळून पाच पत्रं लिहिली आणि चुरा नेलेल्यांना चार. तो सांगायचा, ती टाइप करायची, मधेच ती सांगायची आणि तो गप्प बसायचा. शेवटचा परिच्छेद सगळ्यांत सारखा होता, फक्त त्यातलं शेवटचं वाक्य जुन्या चार इस्पितळांपुरतं. ‘क्रिस्टल वाढवताना वापरलेलं बीज शेपटी छाटलेल्या प्रोटीनचं होतं. ते मी वापरलं. त्यामुळे शेपटी दिसली नाही. दिसली नाही म्हणून ती काही करत नाही असा निष्कर्ष आमच्या प्रमुखांनी काढला, तो चूक होता. आमच्या आधीच्या उत्तरामुळे आपल्या रोग्याचे उपचार थांबले असतील तर कृपया ताबडतोब पुन्हा पाहावं.’ खाली या वेळी दोन सह्या होत्या, शेजारी शेजारी. कोपऱ्यातली आद्याक्षरं आत्याने खोडली.

निरोपाची चौकट तयार होऊन आली. ती भिंतीशी टेकवून ठेवली, काचेवर धूळ बसू लागली. ‘मिशीवाली आत्या’ म्हणणं लोकांनी बंद केलं, आणि ते बंद झालेलं तिला ऐकू आलं. एका मोठ्या सभेत कोणीतरी भाच्याला विचारलं, की घरच्या माणसांवर इतका विश्वास ठेवावा का. भाचा म्हणाला, घरच्या माणसानेच चूक सांगितली, परक्याने सांगितली असती तर मी भांडलो असतो. हे आत्याला वहिनीकडून कळलं. तिच्यापाशी त्याने चकार शब्द काढला नव्हता.

डॉक्टरीणबाईंच्या समितीने गोळी दिली. अडीच महिन्यांनी पत्र आलं, श्वासनळीजवळची गाठ निम्मी झाली होती. मुलीचा आवाज मोकळा झाला आहे आणि ती घरात इतकी बडबड करते, की आईने ‘याला काही औषध आहे का’ असं विचारलं आहे. आत्याने ते पत्र घरी नेऊन वहिनीला वाचून दाखवलं. वहिनीने दोनदा वाचायला लावलं.

जुन्या चौघांपैकी तिघांची उत्तरं त्याआधीच आली होती. एका रोग्याला दुसऱ्याच कोणी शहाण्याने गोळी दिली होती आणि तो बरा होता. एक गाव सोडून गेला होता, त्याचा पत्ता काढतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी नव्याने तपासणी सुरू केली होती. चौथं उत्तर बरंच उशिरा आलं, आत्याच्या शेवटच्या महिन्यात. एकच ओळ होती.

‘सदर रोग्याची फाइल दोन वर्षांपूर्वी बंद करण्यात आली आहे. कळवल्याबद्दल आभार.’

आत्याने ती ओळ वाचली. फाइल बंद म्हणजे काय, हे तिला कळत होतं, पण जे दिसलं नाही ते काढायचं नाही. तिने स्वतःच उत्तर लिहिलं, भाच्याला न विचारता, न दाखवता. तेही एकाच ओळीचं होतं, रोग्याचं वय कळवावं.

नऊ दिवसांनी कार्ड आलं. नाव नव्हतं, नमस्कार नव्हता. ‘सात.’

तिने ते भाच्याच्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तो आला. तिची पर्स हातात घेतली आणि उभा राहिला. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

फाटकातून दोघे जोडीने बाहेर पडले. रखवालदाराने घड्याळ बघितलं, मग त्या दोघांकडे बघितलं, आणि वहीत दोघांची एकच वेळ मांडली. कोपऱ्यावर किल्लीवाला मशीनवर किल्ली घासत होता. टपरीसमोरच्या फळीवर आत्या बसली. गुंड्या तिच्या शेजारी टेकला.

"सात म्हणजे पुढचे दात पडलेले असतात रे," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, हमसून हमसून रडायला लागली.

किल्लीवाल्याने मशीन बंद केलं. गुंड्याने खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर त्या तीन किल्ल्याही निघाल्या. त्या त्याने तशाच हातात धरून ठेवल्या आणि रुमाल तिला दिला. नव्या डोळ्यांना जपून पूस, एवढंच तो म्हणाला.